सन 1948, आपली सरहद्द आणि लोकशाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपल्याकडे आरोग्य, मुलांचे संगोपन, संतवाङ्मय असे विषय असतात, आणि ते असावेतच. यंदा चिटणीसबाईंनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा मी मुद्दामच थोडा जड वाटणारा विषय घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या लोकशाह्या उभ्या राहिल्या त्यांचे आणि अतिउजव्या चळवळींचे नाते कसे आहे, हा तो विषय. "हे राजकारण आपल्याला कशाला?" असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु या विषयातले एक मोठे प्रकरण आपल्या सोलापुरापासून पंधरा कोसांच्या आत घडले आहे. कोजागरीला आपल्या गावातली माणसे पायी तुळजापुरास जातात ना, त्याच वाटेवर, त्याच मुलखात. म्हणून हा विषय परका नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, 1789 साली, तेथील सभेत राजाची सत्ता राखू पाहणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत. तेव्हापासून जुनी व्यवस्था जपू पाहणाऱ्यांना 'उजवे' म्हणण्याचा प्रघात पडला. जुने जपावे असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. आपण घराघरांतून तेच करीत असतो. लोकशाहीत उजव्यांना जागा आहे, तशी डाव्यांनाही आहे. 'अतिउजवे' म्हणजे मात्र निराळे. हा देश एकाच धर्माचा, एकाच वंशाचा किंवा एकाच भाषेच्या लोकांचा आहे, बाकीच्यांनी येथे उपऱ्यासारखे, मान खाली घालून राहावे, असे ते मानतात. एक नेता, एक गणवेश, एक शपथ आणि सांगितले की हात उगारावयाचा, ही त्यांची रीत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशी चळवळ कोणत्याही धर्मात उभी राहू शकते. ती ओळखावयाची ती झेंड्याच्या रंगावरून नव्हे, शेजाऱ्याविषयी ती काय शिकविते यावरून.

जर्मनीची कथा आपण ऐकलेली आहे. हिटलरचा पक्ष 1932 च्या निवडणुकांत सर्वांत मोठा पक्ष झाला. 30 जानेवारी 1933 रोजी त्याला कायदेशीर मार्गानेच पंतप्रधान नेमण्यात आले. दोन महिने पुरे होण्याच्या आत, 23 मार्च रोजी, संसदेने आपले अधिकार त्याच्या सरकारच्या हाती दिले. लोकशाहीच्याच दाराने आत येऊन त्याने ते दार आतून बंद केले. त्या राजवटीने बायकांचा मोठा गौरव केला, हेही सांगावयास हवे. 1938 साली तिने मातांसाठी पदक काढले. चार मुले असली तर काशाचे, सहा असली तर रुप्याचे, आठ असली तर सोन्याचे. मात्र त्या पक्षाने जर्मनीच्या संसदेत एकही स्त्री सभासद निवडून आणली नाही. आईची पूजा आणि आईच्या मुलाची आहुती, असा तो व्यवहार होता.

महायुद्ध संपले. जर्मनी, इटली येथे नव्या लोकशाह्या आल्या आणि आपल्याकडे स्वराज्य आले. ज्या वृत्तीने युरोप जाळला ती तहनाम्यावर सही झाल्याने नाहीशी झाली नव्हती. तिचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक नव्या लोकशाहीपुढे आला. आपल्यापुढे तो 1948 या एकाच वर्षात दोनदा आला.

पहिला प्रसंग जानेवारीतला. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत प्रार्थनेला जात असता गांधीजींचा खून झाला. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे हा पुण्यात वर्तमानपत्र चालविणारा मराठी माणूस होता. गांधीजी मुसलमानांची बाजू घेतात, हा त्याचा राग होता. 4 फेब्रुवारी रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी घातली. संघाने लेखी घटना केल्यावर जुलै 1949 मध्ये ती उठविण्यात आली. खटला रीतसर न्यायालयात चालला आणि 15 नोव्हेंबर 1949 रोजी गोडसे व नारायण आपटे यांना फाशी झाली. हे झाले कायद्याचे. पण त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्रात गावोगाव काय झाले? खुनी ब्राह्मण होता, म्हणून ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने आग लावण्यात आली. एकाच्या अपराधाची शिक्षा त्याच्या जातीला देणे, ही मूळ अतिउजव्यांचीच रीत. ती त्यांच्या विरोधकांनीही उचलली.

दुसरा प्रसंग आपल्या सरहद्दीवरचा. हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी दीड कोटीवर प्रजा होती. त्यांत मुसलमान आठांत एक या प्रमाणात होते, पण सत्ता निजामाची. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था तेथे 1927 साली निघाली. संस्थानातली सत्ता ही मुसलमान समाजाची आहे, निजाम हे त्या सत्तेचे प्रतीक, असा सिद्धान्त पुढे तिच्या व्यासपीठावरून मांडला गेला. हा सिद्धान्त नीट ऐका. राज्य प्रजेचे नव्हे, एका समाजाचे! 1946 साली लातूरचे वकील कासीम रझवी तिचे अध्यक्ष झाले आणि तिचे स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, हे सशस्त्र दल बनले. दख्खनमध्ये मुसलमानी सत्तेचे वर्चस्व राखण्यासाठी शेवटपर्यंत लढू, अशी शपथ ते घेत. गावोगाव पैशाची मागणी करावयाची, मिळाली नाही की लूट, जाळपोळ, बायकांची विटंबना, असा त्यांचा क्रम पडला. मराठवाड्यातून माणसे आपल्या सोलापूर-बार्शीकडे आश्रयाला येऊ लागली. सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. या लढ्यात स्त्रियाही मागे नव्हत्या. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे नाव मराठवाड्यात आजही आदराने घेतात.

रझाकार म्हणजे सगळे मुसलमान, अशी समजूत करून घेणे मात्र चुकीचे होईल. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू पत्र निघत असे. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांवर निर्भीडपणे टीका करीत आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठून ठार केले. लिहिणारा हातही तोडला. अतिउजवी चळवळ परक्यांच्या आधी आपल्यातल्याच शहाण्या माणसाला गप्प करते. गांधीजी हिंदू होते आणि त्यांना मारणारा हिंदू होता. शोएबुल्ला मुसलमान होते आणि त्यांना मारणारे त्यांच्याच धर्माचे रक्षक म्हणविणारे होते. ही दोन मरणे एकाच वर्षातली आहेत.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. त्याचा मुख्य भाग मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सोलापुराहूनच हैदराबादच्या रस्त्याने निघाला. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सारे आटोपले. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि तो आनंदाचाच दिवस आहे.

भगिनींनो, आपल्या कथा बहुधा येथेच संपतात. पण खरी कसोटी त्यानंतर लागली. मुक्त झालेल्या मुलखात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या वार्ता दिल्लीस पोहोचल्या, तेव्हा सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिचे दुसरे सभासद होते. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ही मंडळी गावोगाव हिंडली. निदान 27 हजार आणि कदाचित 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी दिला. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तसेच गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले होते. रझाकारांचे बळ ज्या जिल्ह्यांत अधिक होते, तेथेच सूड अधिक झाला. आणि सूड कोणावर झाला? रझाकार पळून गेले किंवा पकडले गेले. मागे राहिले होते ते त्याच गावचे विणकर, शेतमजूर, दुकानदार, त्यांच्या बायका आणि मुले.

काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांनीच लुटीला उत्तेजन दिले, असे अहवालात आहे. इतर ठिकाणी सैन्याने मुसलमानांचे रक्षण केले, असेही आहे. जनरल चौधरींच्या निःपक्षपातीपणाची त्यात वाखाणणी आहे. पण आपल्याला थांबून वाचावे लागेल असे एक वाक्य त्या अहवालात आहे. सोलापूर आणि इतर गावांहून आलेल्या, एका प्रसिद्ध हिंदू जातीय संघटनेच्या शस्त्रधारी माणसांनी या दंगलींत भाग घेतला, असे समितीने नोंदविले आहे. काही स्थानिक व बाहेरच्या कम्युनिस्टांचाही तिने त्याच वाक्यात उल्लेख केला आहे. संघटनेचे नाव तिने दिलेले नाही. तेव्हा आपणही तर्क लढवू नये. परंतु आपल्या गावाचे नाव मात्र तेथे आहे.

हा अहवाल सरकारने पुष्कळ वर्षे प्रसिद्ध केला नाही. 2013 साली ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला. मृतांच्या आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहोत. "आधी त्यांनी केले, मग आपल्यांनी केले, त्यात एवढे काय?" असे म्हणणारे भेटतात. रझाकारांनी केलेला जुलूम खरा होता. तो कमी करून सांगणे म्हणजे मराठवाड्याच्या बायकांच्या अश्रूंचा अपमान आहे. तसेच नंतरचा सूड लपविणे हाही दुसऱ्या बायकांच्या अश्रूंचा अपमान आहे. जमाखर्चासारखी एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूने वजा करता येत नाही. दोन्ही रकमा मांडूनच ठेवाव्या लागतात.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती आपल्या मागांच्या गावाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एका धंद्यातल्या माणसांमध्ये बंधुभाव समितीला विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना चालून आलेल्या हिंदूंपासून वाचविले, आणि त्यासाठी त्यांना मोठी किंमत द्यावी लागली, काहींना जीवही द्यावा लागला. पळविलेल्या मुसलमान स्त्रियांना परत मिळवून देण्यात पुष्कळ हिंदूंनी मदत केली, अशीही नोंद आहे. ज्या सोलापुरात पद्मशाली आणि मोमीन दोघांचेही माग चालत आले, त्या गावाला हे पटवून देण्याची गरज नाही. ज्या गावासाठी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास एकाच दिवशी फासावर गेले, त्या गावाला तर मुळीच नाही. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्या चौघांना एका ओळीत उभे केले आहे, याचा अर्थ मुलांना सांगितला पाहिजे.

आता पुढचा प्रश्न. लोकशाहीने अशा चळवळींचे काय करावे? तीन उपाय जगाने करून पाहिले.

पहिला उपाय बंदीचा. पश्चिम जर्मनीने 1949 च्या घटनेतच लिहून ठेवले की, लोकशाही व्यवस्था मोडू पाहणारा पक्ष न्यायालयाला घटनाबाह्य ठरविता येईल. 1952 साली हिटलरच्या वारसांचा एक पक्ष असाच बंद झाला. इटलीनेही फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारण्यास घटनेने मनाई केली. तरी मुसोलिनीच्या अनुयायांनी 1946 च्या अखेरीस दुसऱ्या नावाने पक्ष काढलाच होता, तो निवडणुका लढवीत राहिला आणि 1995 साली त्याने रूप व नाव बदलले. त्या पक्षाच्या युवक शाखेतून राजकारणात आलेल्या जॉर्जिया मेलोनी 2022 साली इटलीच्या पंतप्रधान झाल्या. तेव्हा बंदीने वेळ मिळतो, पण वृत्ती जात नाही, हे ध्यानात येते. शिवाय बंदीचे हत्यार सरकारच्या हाती असते, आणि सरकार ते कोणावरही उगारू शकते. आणीबाणीत 1975 साली ते आपण पाहिले आहे.

दुसरा उपाय कायद्याच्या चौकटीत आणण्याचा. कासीम रझवी यांना जमावाच्या हाती दिले नाही. त्यांच्यावर खटला चालला, त्यांनी शिक्षा भोगली आणि 1957 साली सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले. त्यानंतर अब्दुल वाहेद ओवैसी यांनी मजलिस नव्या घटनेनिशी उभी केली. भारताची राज्यघटना मानून ती निवडणुका लढवू लागली. तिकडे हिंदुत्ववादी विचाराच्या मंडळींनी 1951 साली जनसंघ काढला आणि तोही मतपेटीकडे आला. कोणाचे विचार आपल्याला पटोत वा न पटोत, बंदूक खाली ठेवून मत मागायला येणे हा लोकशाहीचा विजयच समजला पाहिजे. मात्र मत मागतानाही मर्यादा असते. धर्माच्या नावाने मते मागणे हा 1951 च्या निवडणूक कायद्याने भ्रष्टाचार ठरविला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली तो अर्थ अधिक व्यापक केला. कायदा आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहणे मतदारांकडे आहे.

तिसरा उपाय आपल्या हातातला, आणि तो म्हणजे सामान्य माणसाचे मत व सामान्य माणसाची शेजारधर्माची बुद्धी. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीपुढे केलेल्या भाषणात व्यक्तिपूजेविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा भावार्थ आहे. कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य ठेवू नये. ही गोष्ट पुरुषांइतकीच आपल्यालाही लागू आहे.

आपल्या मताची किंमतही आपल्या बहिणींनी मोजलेली आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. का? तर त्यांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. जी स्वतःचे नाव सांगत नाही तिचे मत दुसराच कोणी ठरवितो. आज यादीत आपले नाव आहे. मत देताना मात्र आपण घरातल्या कोणाच्या सांगण्यावरून देतो की स्वतःच्या विचाराने, हे ज्याच्या त्याच्या मनाला ठाऊक.

शेवटी, मंडळ म्हणून आपण काय करू शकू, याविषयी चार गोष्टी सुचविते आणि आपली रजा घेते.

पहिली गोष्ट, मुलगा कोठे जातो, कोणाबरोबर जातो, तेथे काय शिकतो, हे आईने विचारावे. व्यायाम, शिस्त, कवायत या चांगल्या गोष्टी आहेत. पण त्या शिकविताना एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी द्वेष शिकवीत असतील, तर त्या ठिकाणी आपले मूल पाठवू नये. मग तो आखाडा आपल्या धर्माचा असो की परक्याच्या.

दुसरी गोष्ट अफवांची. पूर्वी अफवा पाणवठ्यावरून घरी येत, आता त्या हातातल्या फोनवरून स्वयंपाकघरात येतात. ऐकलेली वार्ता पुढे पाठविण्याआधी एक दिवस थांबावे. खरी असेल तर दुसऱ्या दिवशीही ती खरीच राहील.

तिसरी गोष्ट, मंडळाच्या हळदीकुंकवाला, भिशीला, शिवणवर्गाला शेजारच्या मोहल्ल्यातल्या भगिनींना बोलवावे आणि त्यांच्याकडे ईदला आपण जावे. ज्या विणकरांनी 1948 साली एकमेकांना वाचविले त्यांची ओळख त्या दिवशी झालेली नव्हती. ती मागावर, वर्षानुवर्षे झालेली होती. संकटाच्या रात्री नवी ओळख होत नसते.

चौथी गोष्ट, आपल्यांत ज्या वयोवृद्ध भगिनी आहेत त्यांनी त्या काळाविषयी आईकडून, सासूकडून जे ऐकले असेल ते लिहून ठेवावे किंवा कोणाकडून लिहवून घ्यावे. आश्रयाला आलेल्यांना कोणी भाकर दिली, कोणी कोणाला लपविले, कोणी काय लुटून आणले, सगळे लिहावे. चांगले तेवढे ठेवून वाईट वगळू नये. आपल्या नातवंडांना दोन्ही माहीत असले, तर पुढे कोणी गणवेश घालून, कोणाच्याही नावाने हाक दिली, तरी ती निदान विचारतील, "आणि शेजाऱ्यांचे काय?"

एवढा प्रश्न घरातून विचारला गेला तरी पुष्कळ झाले.